छोट्या दवाखान्यात संगणकावर नोंदी सुरू करताना

नवा दवाखाना थाटताना आपण टेबल, खुर्च्या, तपासणीची कॉट, बीपीचे यंत्र, वजनकाटा अशी यादी करतो आणि अलीकडे त्या यादीच्या शेवटी ‘सॉफ्टवेअर’ असा एक शब्दही लिहिलेला असतो. हा लेख त्या एका शब्दाविषयी आहे. माझ्यासमोर आहे तो तालुक्याच्या किंवा लहान शहराच्या ठिकाणचा एक-दोन डॉक्टरांचा दवाखाना, जिथे मदतीला एक कंपाउंडर असतो, काउंटरवर नंबर लावणारी एक ताई असते आणि दिवसाला चाळीस ते ऐंशी रुग्ण येतात. अशा दवाखान्यात सॉफ्टवेअर निवडण्यापेक्षा नोंद कशी ठेवायची हे ठरवणे जास्त अवघड असते, आणि ते काम कंपनीचा माणूस दारात येण्यापूर्वी डॉक्टरने स्वतःच करायचे असते, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

पहिली पायरी: केसपेपरचा प्रवास पाहा

कोणतेही सॉफ्टवेअर पाहण्याआधी एक आठवडा आपल्याच दवाखान्यात कागद कुठून कुठे जातो हे वहीत लिहून काढावे. नाव कोण विचारते, जुना केसपेपर कोण शोधते, वजन आणि बीपी कोण लिहिते, फी आधी घेतली जाते की नंतर, उधारी कुठे मांडली जाते, रक्ताचा रिपोर्ट आला की तो कोणाच्या हातात पडतो, दाखले कोणत्या वहीत नोंदवले जातात, हे सर्व त्यात यावे. हे काम क्षुल्लक वाटते, पण गडबड नेमकी कुठे होते ते याच वहीत दिसते.

आमच्याकडे मंगळवारी आठवडे बाजार असतो आणि सकाळी साडेनऊलाच बाकावर वीस माणसे बसलेली असतात. अशाच एका मंगळवारी एका बाईंचे तीन केसपेपर निघाले. पहिला लग्नाआधीचा, माहेरच्या आडनावाचा होता; दुसरा सासरच्या नावाचा होता; आणि तिसरा चक्क नवऱ्याच्या नावाखाली होता, कारण त्या दिवशी नंबर त्याने लावला होता. पेनिसिलिनची रिॲक्शन आल्याची लाल शाईतली नोंद पहिल्या कागदावर होती आणि माझ्यासमोर तिसरा कागद होता. ‘डॉक्टर, ते इंजेक्शन मला चालत नाही’ असे बाईंनी स्वतःहून सांगितले म्हणून त्या दिवशी निभावले. संगणक आणला म्हणून ही चूक आपोआप टळत नाही. नाव शोधण्याची रीत तीच राहिली, तर तीन कागदांऐवजी पडद्यावर तीन नोंदी तयार होतात, एवढाच फरक पडतो.

दुसरी पायरी: एक माणूस, एक नोंद

म्हणून सॉफ्टवेअर पाहताना माझा पहिला प्रश्न असतो तो रुग्णाची ओळख कशी ठरते याचा. बहुतेक सॉफ्टवेअर मोबाइल क्रमांकावरून रुग्ण शोधतात. शहरात ते बऱ्यापैकी चालते, पण आपल्याकडे एका घरात एकच फोन असतो, किंवा आजोबांच्या नावापुढे पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा क्रमांक लिहिलेला असतो. एका क्रमांकाखाली सहा माणसे नोंदवता आली पाहिजेत आणि त्यांतल्या प्रत्येकाला दवाखान्याचा स्वतंत्र क्रमांक मिळाला पाहिजे. तो क्रमांक फाइलवर आणि औषधाच्या चिठ्ठीवर ठळक छापावा, म्हणजे पुढच्या खेपेला चिठ्ठी दाखवली की नोंद सापडते.

जन्मतारखेवरही फार विसंबून राहू नये. शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख लावून घेतलेल्या माणसांची महाराष्ट्रात एक मोठी पिढी आहे, त्यामुळे नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस तोच, असे मानणारे सॉफ्टवेअर इथे फसते. वयाच्या रकान्यात नुसते ‘६५’ लिहून ते कायमचे पासष्टच ठेवणारी व्यवस्थाही नको. अंदाजे का होईना, जन्मवर्ष नोंदवता यावे आणि वय त्यावरून दरवर्षी पुढे सरकावे. विवाहित स्त्रियांसाठी माहेरचे नाव लिहायला वेगळी जागा असावी. ती नसेल, तर ‘इतर माहिती’च्या रकान्यात ते लिहिण्याचा नियम आपणच करावा. इंग्रजीत नाव टाइप करायचे असेल, तर ‘वैशाली’ला व्ही लावायचा की डब्ल्यू, हे काउंटरवरच्या प्रत्येकाने एकाच पद्धतीने करावे, आणि ती पद्धत कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवावी.

मराठीत नोंदी करायच्या असतील, तर त्या युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, होतात याची खात्री करून घ्यावी. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये साठवलेला मजकूर दिसायला मराठी असतो, पण दुसऱ्या संगणकावर नेला की अक्षरांचा खिचडा होतो आणि त्यात शोध घेता येत नाही.

तिसरी पायरी: निवड आणि करार

सॉफ्टवेअर ढोबळमानाने दोन प्रकारचे मिळते. एक प्रकार इंटरनेटवरून चालतो, त्याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि त्यासाठी महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी भरावी लागते. दुसरा आपल्याच संगणकावर बसवला जातो आणि त्याची देखभाल वार्षिक कराराने होते. पहिल्यात संगणक बिघडला तरी नोंदी शाबूत राहतात, पण नेट गेले की काम अडते. दुसऱ्याचे नेटवाचून अडत नाही, पण नोंदी सांभाळण्याची सगळी जबाबदारी आपल्यावर येते. लाइट आणि नेट यांचा भरवसा नसलेल्या गावात, नेट नसताना नोंद घेऊन ते आल्यावर ती आपोआप वर चढवणारे सॉफ्टवेअर मिळाले तर उत्तम. विक्रेता ‘होय, ऑफलाइन चालते’ असे म्हणेल. त्याच्यासमोर राउटर बंद करून नवा रुग्ण नोंदवून पाहावा, चिठ्ठी छापून पाहावी आणि मगच पुढचे बोलणे करावे. इन्व्हर्टर असला तरी संगणकाला वेगळा यूपीएस जोडावा, कारण वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणभरात संगणक बंद पडू शकतो आणि अर्धवट राहिलेल्या नोंदीमुळे सगळी फाइल बिघडू शकते.

मुक्त स्रोताची, म्हणजे कोणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारी, सॉफ्टवेअरही आहेत. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनएमआरएस या रुग्णनोंदींच्या सॉफ्टवेअरचा पहिला वापर केनियातील एल्डोरेट येथे झाला, आणि त्यावर आधारलेले बाह्मनी हे सॉफ्टवेअर छत्तीसगडमधील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयात घडत गेले. रुग्णाची नोंद, प्रयोगशाळा आणि बिल या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात. संस्था, मिशन रुग्णालय किंवा तीस-चाळीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय चालवणाऱ्यांनी त्याचा अवश्य विचार करावा. एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यासाठी मात्र मी ते सुचवणार नाही. परवान्याचे पैसे लागत नसले, तरी ते बसवून चालते ठेवणारा जाणकार माणूस लागतो आणि तो तालुक्याला सहज मिळत नाही.

करारातील एका अटीवर मात्र मुळीच तडजोड करू नये. वर्गणी थांबवल्यावर सर्व रुग्णांच्या सर्व नोंदी एक्सेलमध्ये उघडता येतील अशा स्वरूपात, ठरलेल्या मुदतीत आणि वेगळे पैसे न घेता परत मिळतील, हे लेखी घ्यावे. प्रत्येक रुग्णाची वेगळी पीडीएफ देऊ, हे उत्तर पुरेसे नाही. चार हजार पीडीएफ फाइली नव्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी हाताने भरत बसत नाही. माझ्या परिचयातील एका डॉक्टरांना सहा वर्षांच्या नोंदी अशाच सोडून द्याव्या लागल्या आणि पुन्हा पहिल्या रुग्णापासून सुरुवात करावी लागली. शक्य असेल, तर चाचणीच्या काळातच दहा रुग्ण भरून ती निर्यात, म्हणजे नोंदी बाहेर काढून घेणे, स्वतः करून पाहावी.

चौथी पायरी: औषधांची यादी स्वतः तपासा

इथे घाई करू नये. सॉफ्टवेअरबरोबर हजारो औषधांची तयार यादी मिळते आणि नव्या डॉक्टरला ती सोय वाटते. प्रत्यक्षात आपण रोज साठ-सत्तर, फार तर शंभर औषधे लिहितो. तेवढ्यांचीच आपली यादी करावी. प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा, स्वरूप आणि आपण नेहमी देतो तो डोस एका रविवारी निवांत बसून भरावा आणि दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घ्यावा.

लांब यादीतला धोका असा. ‘मेट’ ही तीन अक्षरे इंग्रजीत टाइप केली की मेटफॉर्मिन, मेटोप्रोलॉल, मेट्रोनिडॅझोल आणि मेथोट्रेक्सेट एकाखाली एक दिसतात. पहिले मधुमेहाचे, दुसरे रक्तदाबाचे, तिसरे जंतुसंसर्गाचे आणि चौथे संधिवातासाठी आठवड्यातून फक्त एकदा द्यायचे औषध आहे. गर्दीत बोट एक ओळ खाली घसरले, तर पडदा तक्रार करत नाही आणि छापील चिठ्ठी इतकी सुबक दिसते की औषध दुकानदारही शंका घेत नाही. हाताने लिहिलेल्या वाईट अक्षराबद्दल तो निदान फोन तरी करत असे. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधापुढे सॉफ्टवेअरने आपणहून ‘रोज एक’ असे भरले, तर ती चूक जिवावर बेतू शकते. म्हणून अशा औषधांचा डोस आपोआप भरला जाऊ नये, तो दर वेळी हाताने लिहावा लागावा, अशी व्यवस्था करून घ्यावी. ती होत नसेल, तर ते औषध आपल्या यादीतून काढून टाकावे आणि लागेल तेव्हा पूर्ण नाव लिहून द्यावे.

यादी बदलता येते का, हेही पाहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ संयुक्त औषधांवर, म्हणजे एकाच मात्रेत दोन किंवा अधिक औषधे असलेल्यांवर, एकाच वेळी बंदी घातली. असा निर्णय आला की ती नावे आपल्या यादीतून त्याच दिवशी निघाली पाहिजेत, आणि ते औषध चालू असलेले आपले रुग्ण कोण, हे शोधता आले पाहिजे. औषध मूळ नावाने, स्पष्ट अक्षरात लिहावे असे वैद्यकीय आचारसंहितेचे नियमही सांगतात, त्यामुळे चिठ्ठीवर ब्रँडच्या जोडीला मूळ नाव छापले जाईल असेच पाहावे.

चिठ्ठीवरच्या सूचना मराठीत छापाव्यात. ‘१-०-१’ हे आपल्याला कळते, पण रुग्णाला ‘सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर’ असे लिहिलेले लागते. अक्षर मोठे असावे, कारण चिठ्ठी वाचणारे बहुतेक वेळा आजीआजोबाच असतात.

पाचवी पायरी: सुरुवात कधी आणि कशी

जुलै-ऑगस्टमध्ये तापाची साथ चालू असताना सुरुवात करू नये. पावसाळ्याआधीचे किंवा दिवाळीनंतरचे कमी गर्दीचे आठवडे धरावेत. पहिल्या आठवड्यात फक्त नाव, नंबर आणि फी संगणकावर घ्यावी. काउंटरवरच्या ताईंचा हात बसला की दुसऱ्या आठवड्यात वजन, बीपी आणि निदान घ्यावे, आणि छापील चिठ्ठी तिसऱ्या आठवड्यात सुरू करावी. तोवर कागद चालू ठेवावा, पण तो बंद करण्याची तारीख आधीच ठरवून सर्वांना सांगून ठेवावी. मुदत नसली, की दोन्हीकडे अर्धी अर्धी नोंद होत राहते आणि मग कुठलीच खात्रीची उरत नाही.

जुने केसपेपर सगळे टाइप करण्याचा मोह टाळावा. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, दमा, क्षयरोग आणि गरोदर स्त्रिया एवढ्याच रुग्णांचा चार ओळींचा सारांश त्यांच्या पुढच्या भेटीच्या वेळी भरावा, त्यात ॲलर्जी सर्वांत आधी. बाकीच्यांचे कागद खोक्यातच राहू द्यावेत.

तपासणीच्या तयार साच्यांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. एक कळ दाबली की ‘पोट मऊ, छाती स्वच्छ, हृदयाचे ठोके नियमित’ असे आपोआप उमटते. जे तपासले नाही ते नोंदीत येणे ही खोटी नोंद आहे, मग ती हेतुपुरस्सर असो वा नसो, आणि पुढच्या डॉक्टरची त्यामुळे फसगत होते. साचा रिकामा ठेवावा आणि जे केले तेवढेच भरावे.

पडदा तिरका ठेवावा, आपल्या आणि रुग्णाच्या मध्ये नको. आधी ऐकावे, तपासावे आणि मग टाइप करावे. रुग्ण बोलत असताना डॉक्टरची नजर पडद्यावर असली, की तो निम्मी गोष्ट मनातच ठेवून उठतो.

सहावी पायरी: माहिती कोणाला दिसते

काउंटरवरच्या व्यक्तीला नाव, नंबर आणि फी दिसली की पुरे; निदान आणि रिपोर्ट डॉक्टरच्या लॉगिनमध्येच उघडावेत. डॉक्टरचा पासवर्ड कंपाउंडरला ठाऊक असणे ही आपल्याकडे फार रुळलेली सवय आहे आणि ती पहिल्याच दिवशी मोडावी. लहान गावात एचआयव्हीची, गर्भपाताची किंवा मानसिक आजाराची बातमी एका चहाच्या टपरीवरून संध्याकाळपर्यंत घरोघरी पोहोचते. एचआयव्हीबाबतची गुप्तता २०१७ च्या कायद्याने आणि गर्भपाताबाबतची गर्भपातविषयक कायद्याने बंधनकारक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर माहिती गोळा करणाऱ्या प्रत्येकावरच ती सांभाळण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि त्यातून छोटा दवाखाना सुटत नाही.

आपोआप जाणारे संदेश सुरू करण्यापूर्वी तर दहादा विचार करावा. फोन घरातला सामायिक असतो. ‘आपली सोनोग्राफीची तारीख उद्या आहे’ हा संदेश सुनेऐवजी सासूबाईंनी वाचला, तर काय घडू शकते, याचा अंदाज सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला नसतो, आपल्याला असतो. संदेशात फक्त दवाखान्याचे नाव आणि वेळ असावी, आणि तो पाठवायचा की नाही हे नोंदणीच्या वेळी रुग्णाला एकांतात विचारावे.

सातवी पायरी: बॅकअप

माझ्या दवाखान्यात दोन वर्षे रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला जात असे. हार्डडिस्क गेली त्या दिवशी मी निर्धास्तपणे तो पेनड्राइव्ह नव्या संगणकाला लावला. त्यात नोंदी नव्हत्याच; पडद्यावरच्या चिन्हाची, म्हणजे नुसत्या शॉर्टकटची प्रत रोज नव्याने होत होती. मदतनीसाला दाखवले होते तेच तो इमानेइतबारे करत होता. नीट दाखवले नव्हते आणि एकदाही उघडून पाहिले नव्हते ते मी. बावीस मधुमेही रुग्णांचा औषधांचा इतिहास मला त्यांच्या घरातल्या जुन्या चिठ्ठ्या मागवून पुन्हा लिहावा लागला.

तेव्हापासून मी पाळतो तो नियम जुनाच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दवाखान्याच्या बाहेर. घरी नेण्याच्या हार्डडिस्कला पासवर्ड असावा. संगणकाला कायम जोडून ठेवलेली डिस्क बॅकअप म्हणून मोजू नये, कारण खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे व्हायरस त्या डिस्कवरच्या फाइलीही सोबत बंद करतात. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून कालचे पाच रुग्ण सापडतात का ते पाहावे. नेटवरून चालणारे सॉफ्टवेअर असले, तरी महिन्याची निर्यात उतरवून घ्यावी.

आठवी पायरी: कायदा आणि सरकारी जोडण्या

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. दिलेल्या दाखल्यांची नोंदवही ठेवणेही त्याच नियमांत आहे. बाह्यरुग्णांच्या नोंदींनाही हीच शिस्त लावलेली बरी. सोनोग्राफी यंत्र असेल, तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालच्या एफ नमुन्याच्या नोंदी आणि दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यायचा अहवाल यांत सॉफ्टवेअरवर विसंबून न राहता स्वतः लक्ष घालावे. क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण कळवणे खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे. ती नोंद निक्षय या क्षयरोगाच्या सरकारी संकेतस्थळावर वेगळी होते, म्हणून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘निक्षयवर कळवले’ असा एक रकाना करून घ्यावा.

आरोग्याच्या नोंदी डिजिटल पद्धतीने जोडणारे केंद्र सरकारचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले ते २७ सप्टेंबर २०२१ रोजी. त्यात रुग्णाला १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य खात्याचा क्रमांक, मिळतो, आणि डॉक्टर व दवाखाना यांची नोंदणी दोन वेगळ्या सूचींत होते. क्यूआर कोड स्कॅन करून रुग्ण स्वतःचे नाव-पत्ता काउंटरवर पाठवू शकतो, ही सोय गर्दीत खरोखर उपयोगी आहे. सॉफ्टवेअर या मिशनशी जोडलेले आहे का, हे विचारावे आणि जोडलेले असल्यास पसंती द्यावी. मात्र आभा ऐच्छिक आहे. क्रमांक नाही म्हणून कोणालाही परत पाठवू नये, आणि रुग्णाला न विचारता त्याच्या आधारवरून तो काढूही नये.

तीन महिन्यांनंतर

बिल लवकर निघते, हिशेब जुळतो, हे फायदे पहिल्या महिन्यातच दिसतात. ज्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा, तो उपयोग तीन महिन्यांनी हाताशी येतो. एखाद्या शनिवारी दुपारी दवाखाना आटोपल्यावर सॉफ्टवेअरला विचारावे की मधुमेहाचे निदान असलेले, पण गेल्या साठ दिवसांत न आलेले रुग्ण कोण. कागदाच्या खोक्याला हा प्रश्न विचारता येत नव्हता. आमच्याकडे पहिल्यांदा यादी निघाली तेव्हा तिच्यात एकतीस नावे होती. काही परगावी गेले होते, दोघे वारले होते, काहींनी पैसे नाहीत म्हणून गोळ्या थांबवल्या होत्या, आणि एक काका पायाची जखम हळद लावून घरीच बरी होण्याची वाट पाहत बसले होते. त्यांना सोमवारी बोलावून घेतले.

ही यादी नीट निघण्यासाठी निदान दर वेळी एकाच नावाने लिहिलेले असावे लागते. कधी ‘मधुमेह’, कधी ‘शुगर’, कधी इंग्रजी आद्याक्षरे असे झाले, की अर्धी माणसे यादीतून निसटतात. आपल्याकडे वारंवार येणाऱ्या तीस-चाळीस निदानांची ठरावीक नावे सुरुवातीलाच निवडून ठेवावीत आणि त्यांतूनच निवड करावी. दुसरे डॉक्टर दवाखान्यात बसू लागले, तर त्यांना पहिल्या दिवशी हीच यादी दाखवावी. न आलेल्या रुग्णांना फोन कोणी करायचा, हेही ठरवून द्यावे. आमच्याकडे ते काम काउंटरवरच्या ताई दर शनिवारी तीन ते चार या वेळेत करतात आणि प्रत्येक नावापुढे काय उत्तर मिळाले ते लिहून ठेवतात.